वशिंडाचे मोल

टेक्सास प्रांतातील ह्यूस्टन शहरी १९२४ साली काही गोपालकांनी एकत्र येऊन भारतीय वंशाच्या, म्हणजे पाठीवर वशिंड आणि गळ्याखाली लोंबती पोळी असलेल्या गुरांची वंशावळ नोंदवून ठेवणारी एक संस्था काढली, तेव्हा या नव्या जातीस काय म्हणावे असा प्रश्न निघाला, आणि जे. डब्ल्यू. सार्टवेल नावाच्या गृहस्थांनी सुचविलेले ‘ब्राह्मण’ हे नाव पुढे रूढ झाले. ज्या पशूची पैदास मुख्यतः मांसासाठी करावयाची त्याच्या वाट्यास जगातील सर्व नावे सोडून हेच नाव यावे, यातील विनोद त्या दफ्तरात कोणाच्या ध्यानी आला असेल असे वाटत नाही. आणि आला असता तरी लिलावात मिळणाऱ्या भावापुढे त्याची मातब्बरी त्यांनी मानली नसती.

या नव्या जातीच्या पूर्वजांची चौकशी केली तर चार हिंदुस्थानी घराणी निघतात. सौराष्ट्राची गीर, उत्तर गुजरातेतील कांक्रेज, आंध्र किनाऱ्याची ओंगोल, जिला परदेशी लोक नेल्लोर या मुलखावरून ओळखतात, आणि चौथी आपल्या सांगली-मिरजेकडील कृष्णाकाठची. ही चौथी जात तर दक्षिण महाराष्ट्रातील संस्थानिकांनी एकोणिसाव्या शतकात कृष्णेच्या चिकट काळ्या जमिनीत जड नांगर ओढण्यासाठी मुद्दाम घडविलेली. तिचे रक्त मेक्सिकोच्या आखाताकाठी पोहोचले आणि तिच्या घरी मात्र ती जवळजवळ नामशेष झाली. हे शल्य बाजूस ठेवून विचार करावयाचा प्रश्न असा की, या वशिंडाच्या रक्ताचे मोल नेमके कशात आहे, कोणत्या हवेत आणि कोणत्या बाजारात ते वाढते वा उतरते, आणि जिथे हे रक्त रानोमाळ मोकाट फिरते आहे त्या डहाणू-तलासरीसारख्या मुलखात ते कवडीमोल का ठरले आहे.

वैशाखातील एखाद्या दुपारी डहाणूच्या सागरी पट्टीतील चिकूच्या वाडीत जाऊन पाहावे. पत्र्याच्या गोठ्यात एक संकरित गाय उभी असते, तिच्या पाठीवर ओले गोणपाट टाकलेले असते, वर पंखा फिरत असतो, आणि तरीही ती तोंड उघडे टाकून धापत असते. जिभेवरून लाळेची तार गव्हाणीत लोंबते, समोरची हिरवी वैरण तशीच पडून असते, आणि घड्याळ लावून तिच्या कुशीची हालचाल मोजली तर मिनिटास सत्तरच्या वर श्वास भरतात. तेथून दोनशे पावलांवर, कुंपणाबाहेरच्या आंब्याखाली, राखणदाराची एक खुरटी गावठी गाय पाय मुडपून, डोळे अर्धवट मिटून, सावकाश रवंथ करीत बसलेली असते. दोघींच्या अंगावर ऊन एकच, हवा एकच, आणि समुद्रावरून येणारी, घाम वाळू न देणारी ओलही तीच. होल्स्टिन या विलायती जातीच्या गायीला पंचवीस अंशांपर्यंतची हवा मानवते आणि त्यापुढे तिचे खाणे व दूध दोन्ही उतरू लागते, असे शास्त्र सांगते. आणि मे महिन्यात डहाणूच्या किनाऱ्यावर रात्रीदेखील पारा पंचवीस अंशांच्या खाली क्वचितच येतो. म्हणजे त्या बापडीला विश्रांतीची घटका अशी दिवसरात्रीत मिळतच नाही.

वशिंडाच्या गुरांचे गुण पुस्तकांतून पुष्कळ वर्णिलेले आहेत. त्यांची कातडी सैल व बहुधा काळसर, त्यावरील केस आखूड व चकाकणारे, घर्मग्रंथी मोठ्या आणि संख्येनेही अधिक. पोळी आणि लोंबते कान यांमुळे अंगाचे क्षेत्र वाढते. देहाची आच मुळातच मंद असल्याने थोड्या चाऱ्यावर निभाव लागतो, आणि निकृष्ट, काडीसारख्या वैरणीतूनही सत्त्व काढण्याची शक्ती अधिक असते. परंतु टेक्सासला आणि ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडला या गुरांचे वेड लागले ते उन्हापेक्षा गोचिडामुळे. ज्या तापाने अमेरिकेच्या दक्षिणेकडील संस्थानांत विलायती गुरे कळपच्या कळप मरत, तो ताप गोचीड पसरवितो हे थिओबाल्ड स्मिथ व किलबोर्न यांनी १८९३ साली सिद्ध केले. आणि वशिंडाच्या गुरांच्या अंगावर गोचीड धरतच नाही, धरला तरी थोडा, हे गोपालकांनी त्यांच्या प्रबंधाची वाट न पाहता आधीच हेरले होते. लुइझियानातील रिचर्ड बॅरो यांना कापूस व उसाच्या लागवडीचे ज्ञान हिंदुस्थानासाठी इंग्रज प्रतिनिधीस दिल्याबद्दल इंग्रज सरकारने १८५४ साली दोन वळू भेट दिले, आणि १९०६ साली टेक्सासच्या बॉर्डेन यांनी हिंदुस्थानातून आणखी एक मोठी तुकडी नेली. एवढ्या तुटपुंज्या भांडवलावर पुढील सारा व्यापार उभा राहिला.

तथापि निव्वळ वशिंडाने अमेरिकेतील खाटकाचे समाधान झाले नाही, आणि येथेच हवा व बाजार यांची ओढाताण सुरू होते. या गुरांचे मांस तुलनेने चिवट, त्यांच्या कालवडी उशिरा माजावर येणाऱ्या, आणि उत्तरेकडील बर्फाळ संस्थानांत तर त्यांचा निभावच कठीण. म्हणून व्यवहारी माणसांनी मिश्रण केले. किंग रँच नावाच्या प्रचंड कुरणावर शॉर्टहॉर्न आणि ब्राह्मण यांच्या संकरातून, १९२० साली जन्मलेल्या ‘मंकी’ नावाच्या एका वळूच्या वंशात, सांता गर्ट्रुडिस ही जात घडली आणि १९४० साली तिला सरकारी मान्यता मिळाली. तिच्यात वशिंडाचा हिस्सा तीन अष्टमांश. अँगस या विलायती जातीशी संकर करून काढलेल्या ब्रँगसमध्येही हिस्सा तीन अष्टमांशच. आणि मांसाचा विषय सोडून दुधाकडे वळावे तर ब्राझीलच्या गिरोलांदो या प्रसिद्ध दुधाळ जातीत पाच अष्टमांश होल्स्टिन आणि तीन अष्टमांश गीर! आपल्या लष्करी गोशाळांनी साहिवालपासून काढलेल्या फ्रिजवालचे प्रमाणही तेच. जुन्या हिशेबाने बोलावयाचे तर रुपयात सहा आणे वशिंड आणि दहा आणे विलायत. इतक्या दूरदूरच्या देशांतील, एकमेकांस न विचारता काम करणाऱ्या माणसांनी हे सहा आणे गाठावेत, यात योगायोगापेक्षा अधिक काही आहे. त्यापेक्षा कमी वशिंड घेतले तर जनावर उन्हाने व गोचिडाने झिजते, आणि अधिक घेतले तर बाजार भाव पाडतो, असा हा तोल दिसतो.

मात्र बाजार बदलला की आणेही बदलतात. ऑस्ट्रेलियात १९३३ साली अमेरिकेतून ब्राह्मण गुरांची पहिली महत्त्वाची तुकडी आली तेव्हा क्वीन्सलंडचे अनेक गोपालक तिला हसले होते. आज त्या खंडाच्या उत्तर भागात बहुतेक सर्व कळपांत वशिंड दिसते, आणि त्याचे एक कारण असे की इंडोनेशियास जहाजाने जिवंत गुरे पाठविण्याचा जो व्यापार तेथे वाढला त्यातील गिऱ्हाइकाला उन्हातून, गर्दीतून, समुद्रप्रवासातून तगून पोहोचणारे जनावर हवे असते, मांसाच्या मऊपणाची बारीक चिकित्सा त्याला कर्तव्य नसते. तेथे सोळा आणे वशिंडही खपते. उलट अमेरिकेच्या मध्य भागातील पशुखाद्यावर जनावरे पोसणारे व्यापारी लांब कान दिसले की नगामागे दर कमी करतात. जमैकाच्या डॉ. लेकी यांनी जर्सीत साहिवालचे थोडेसे, रुपयात अडीच आण्यांहूनही कमी रक्त मिसळून ‘जमैका होप’ घडविली, कारण त्या बेटास दूध हवे होते आणि बेटावरची हवा समुद्राच्या वाऱ्याने बरीच सौम्य होती. एकाच वशिंडाचे हे निरनिराळे मोल पाहिले म्हणजे ‘उत्तम जात कोणती’ हा प्रश्नच किती अर्धवट आहे ते कळते.

ब्राझीलची हकीकत याहून उद्बोधक आहे. त्या देशात आज वीस कोटींहून अधिक गुरे आहेत आणि त्यांतील बहुतांश नेलोर किंवा नेलोर-संकरित, म्हणजे मुळात आपल्या ओंगोलच्या गोत्राची. १९६० च्या सुमारास सेल्सो गार्सिया सिद या ब्राझिली जमीनदाराने भावनगरच्या महाराजांकडून ‘कृष्ण’ नावाचा गीर वळू नेला, आणि त्याच सुमारास गेलेल्या ‘करवडी’ या ओंगोल वळूचे नाव आजही तेथील वंशावळींच्या मुळाशी आढळते. पुढे आयात बंद झाली. पण जे हाती लागले त्याची तेथील लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या नोंद ठेवली, वजन मापले, दूध मापले, कमी प्रतीचे काढून टाकले, आणि उबेराबा या गावी भरणारे वशिंडधारी गुरांचे प्रदर्शन हा त्या देशाचा राष्ट्रीय उत्सव बनविला. २०२३ साली एका नेलोर गायीचा फक्त एक तृतीयांश हिस्सा लिलावात दहा लाख डॉलरहून अधिक किमतीस गेला. आणि आता त्याच ब्राझीलमधून गीर वळूंचे वीर्य हिंदुस्थानात आणण्याचे प्रयत्न चालू आहेत. आपलीच कालवड सासरी जाऊन लक्ष्मी झाली आणि माहेरच्यांनी तिच्या दारी उसनवारीस जावे, असा हा प्रकार. पण मला यात खंतीपेक्षा शिकण्यासारखे अधिक दिसते: रक्त दोन्हीकडे एकच होते, फरक पडला तो वहीचा. एकाने लिहून ठेवले, दुसऱ्याने पूजा केली.

आता डहाणू-तलासरीकडे वळतो. या दोन तालुक्यांचा मुलूख पश्चिमेस समुद्रापासून पूर्वेस डोंगरांपर्यंत पसरलेला. पाऊस सुमारे दोन हजार मिलिमीटर, आणि तो सारा चार महिन्यांत. चिंचणी, डहाणू, घोलवड, बोर्डी ही सागरी पट्टी बागायतीची, चिकूची; मधून मुंबई-अहमदाबाद महामार्ग चारोटीवरून तलासरीकडे जातो; आणि त्याच्या पूर्वेस कासा, सायवन, उधवा असा वारली पाड्यांचा, एकपिकी भातशेतीचा मुलूख. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा निराळा झाला. पण गुरांच्या दृष्टीने पाहता हा मुलूख कधी एक नव्हता आणि आजही नाही. २० जून १९९१ च्या केंद्रीय अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला आणि कारखान्यांवर बंधने आली, तेव्हापासून येथील माणसाने पोट भरावे ते शेतीवर, मासळीवर आणि गुरांवरच, असे सरकारनेच ठरवून दिल्यासारखे आहे. म्हणून गुरांचा प्रश्न येथे हौसेचा राहिलेला नाही.

पूर्वेच्या पाड्यांवरील वारली कुटुंब गाय पाळते ते दुधासाठी नव्हे. गावठी गाय वासराला पाजून उरलेले शेर-अर्धा शेर दूध देते, तेही पावसाळ्याचे चार महिने. तिच्याकडून मुख्य अपेक्षा खोंडाची आणि शेणाची. शेणाचे येथे काय काम, हे ज्यांनी राब पाहिला नाही त्यांना समजणार नाही. होळी उलटली की भाताच्या रोपासाठी राखलेल्या तुकड्यावर आधी वाळलेल्या शेणाचा थर घालतात, त्यावर झाडांची टहाळी व पालापाचोळा, त्यावर गवत, आणि सर्वांत वर बारीक माती पसरून वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवितात, म्हणजे आग धावत न जाता सावकाश भाजत जाते. त्या भाजल्या मातीत तण उगवत नाही आणि पहिल्या पावसाबरोबर पडलेले बी जोमाने येते. वर्षभर उन्हात वाळलेले हे शेण ज्या घरात कमी त्या घरचे रोप पिवळे, आणि रोप पिवळे तर वर्षाचा तांदूळ कमी. दूधसंघाच्या वहीत या शेणास रकाना नाही. वारल्याच्या हिशेबात पहिला रकाना तोच आहे. आश्विन वद्य द्वादशीला देशावर गाय-वासराची वसुबारस होते, त्याच तिथीला हा डोंगर वाघबारस पाळतो आणि वाघोबाला आपली गुरे सांभाळण्याची विनवणी करतो. गुरांविषयीच्या दोन भावनांचे अंतर या दोन बारशींइतके नेमके दुसऱ्या कशाने कळणार नाही.

या डोंगराला ज्या जातीने साथ दिली ती डांगी. इगतपुरी, अकोले, जव्हार, मोखाडा आणि गुजरातेतील डांग हा तिचा मुलूख. डहाणूच्या पूर्व कडेवरील गावठी गुरांत तिचे रक्त दिसते. काळ्या-पांढऱ्या किंवा तांबड्या-पांढऱ्या ठिपक्यांवरून पाळणारे तिला पारा, बाहळा, मणेरा अशा नावांनी ओळखतात. श्रावणाच्या झडीत डांगी बैल उघड्यावर उभा असताना त्याच्या पाठीवरून हात फिरवून पाहावा. हाताला तेलकट लागते, आणि पाणी कातडीत न मुरता थेंबाथेंबाने ओघळून जाते. खूर काळे व चकमकीसारखे कठीण, त्यामुळे चिखलणीत ते कुजत नाहीत आणि खडकाळ उतारावर झिजत नाहीत. ओंजळीएवढ्या खाचरात वळणारा आणि गुडघाभर चिखलात दिवसभर चालणारा असा बैल कोणत्याही विलायती रक्तातून निघालेला नाही. घोटीचा बाजार आणि राजूरचे प्रदर्शन येथे या गुरांची अजून कदर होते. परंतु एका वेतास दूध सरासरी चारपाचशे लिटर एवढेच, म्हणून दुग्धविकासाच्या नकाशावर ती कोठेच नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या खटपटीने ‘कोकण कपिला’ या किनाऱ्यावरील लहान चणीच्या गायीस राष्ट्रीय नोंदणीत स्थान मिळाले, ही अलीकडची चांगली गोष्ट. नोंद झाल्यावाचून सुधारणा होत नाही हे ब्राझीलने दाखविलेच आहे.

बाजाराचा विचार करताना या मुलखाच्या गवताची गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. मुंबईच्या तबेल्यांतील म्हशींनी वर्षानुवर्षे खाल्ले ते डहाणू, तलासरी, वाडा या तालुक्यांतील माळांचे गवत. ते कापावयाचे वारल्यांनी, वखारीत भरावयाचे त्यांनीच, आणि गासड्या बांधून रेल्वेने पाठवावयाच्या जमीनदार व मक्तेदार व्यापाऱ्यांनी. १९४५ च्या मे महिन्यात तलासरीजवळच्या झरी येथे किसान सभेच्या गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या पुढाकाराने वारल्यांची परिषद झाली, वेठबिगारीस नकार दिला गेला, आणि त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर संप झाला तो गवतावरच: पाचशे रतल गवत कापण्यास अडीच रुपये, ही मागणी. ऑक्टोबरात तलवाडा येथे पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात जेठ्या गांगड व त्याचे सोबती ठार झाले. या इतिहासाकडे लोक राजकारण म्हणून पाहतात, आणि ते योग्यच आहे. पण गोपालनाच्या दृष्टीनेही त्याचा एक अर्थ आहे. ज्या मुलखातून चारा बाहेर जातो आणि गुरे मागे राहतात, त्या मुलखाची गुरे खुरटीच राहणार. शिवाय हे गवत बी धरून वाळल्यावर कापले जाते, तेव्हा त्यात उरतो तो पोटभर काडीचा भार. त्यावर वशिंडाची गाय तगते, दहा आणे विलायत असलेली गाय महिनाभरात हाडावर येते.

स्वातंत्र्यानंतर संकराचा मार्ग महाराष्ट्राने मोठ्या उमेदीने धरला. मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उरुळीकांचन येथे स्थापिलेल्या संस्थेने कृत्रिम रेतन शेतकऱ्याच्या दारात नेले; राहुरीच्या कृषी विद्यापीठाने गीर, होल्स्टिन व जर्सी यांच्या त्रिवेणीतून ‘फुले त्रिवेणी’ घडविली; नगर, पुणे, सांगलीच्या बागायतीत घरोघर धारा वाढल्या आणि अनेक कुटुंबांचे जीवन सावरले. हे सारे खरे, आणि संकरास सरसकट नावे ठेवणारे आजकालचे गोभक्त हे विसरतात. परंतु ज्या मुलखात हे यश मिळाले तेथे उसाचे वाढे होते, हत्तीघास होता, पाट होते, रोज सकाळी येणारी दुधाची गाडी होती, आणि हाकेवर पशुवैद्य होता. हे पाच आधार डहाणूच्या सागरी पट्टीत बऱ्याच अंशी आहेत. सायवन-उधव्याच्या पाड्यांवर त्यांतील एकही धड नाही. शिवाय पहिल्या पिढीच्या संकरात जो जोम येतो तो दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत टिकत नाही. वाट्टेल त्या वळूने वाट्टेल ती गाय फळली की निपजते ती वशिंडही नसलेली आणि दूधही नसलेली गाय. तिचा खोंड तर जूसही निरुपयोगी, कारण वशिंडाविना जू मानेवर ठरत नाही आणि उन्हात तो दोन घटकांत बसकण मारतो. उरुळीकांचनच्याच संस्थेने गुजरातेतील वांसदा आणि पुढे जव्हारच्या आदिवासी भागात आंबा-काजूच्या वाडीवर भर दिला, हा मला त्यांच्या शहाणपणाचा पुरावा वाटतो. सर्व रोगांवर एक मात्रा त्यांनी चालविली नाही.

सरकारने चालविली, आणि त्या प्रयोगाचे अवशेष महामार्गालगत पडले आहेत. १९४९ साली आरे दुग्धवसाहत उभी राहिल्यावर मुंबईच्या वस्तीतील उरलेले गोठे शहराबाहेर दूर न्यावेत असा विचार बळावला, आणि साठ-सत्तरच्या दशकांत डहाणू तालुक्यातील दापचरी येथे हजारो एकर जमीन घेऊन विशाल दुग्धप्रकल्प उभारला गेला. त्याच्या पाण्यासाठी तलासरी तालुक्यात वरोली नदीवर कुर्झे येथे धरण बांधले गेले. गोठे, क्वार्टरे, रस्ते, वैरणीची शेते असा सारा सरंजाम झाला. आज दापचरी म्हटले की लोकांना आंतरराज्य तपासणी नाका आठवतो. गोठ्यांच्या भिंती खचल्या आहेत, आवारात घाणेरी माजली आहे, आणि त्या जमिनीचे पुढे काय करावे यावर निरनिराळ्या खात्यांच्या नजरा आहेत. पालघर गावाजवळ दुग्धविकास खात्याच्या ज्या जमिनीचा गोपालनाशी संबंध होता तिच्यावर तर आता जिल्ह्याचे मुख्यालयच उभे आहे. दापचरीचे काय चुकले याची कारणे अनेक सांगतात. माझ्या मते मूळ चूक एकच, की मुंबईच्या गिऱ्हाइकाची गरज हिशेबात धरली आणि दापचरीच्या हवेस, माणसास व गुरास कोणी विचारले नाही. शेजारच्या पाड्यावरील गावठी गाय त्या कुंपणाच्या बाहेरच चरत राहिली.

बाजाराची आणखी एक बाजू कायद्याने बांधलेली आहे. अमेरिका, ब्राझील, ऑस्ट्रेलिया या तिन्ही देशांत वशिंडाच्या गुराचे मोल त्याच्या मरणाने वसूल होते. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गायीच्या कत्तलीस बंदी होती, आणि त्यातील दुरुस्तीस २०१५ साली राष्ट्रपतींची संमती मिळाल्यावर वळू व बैलही त्या संरक्षणात आले. श्रद्धेचा प्रश्न ज्याचा त्याने पाहावा. अर्थकारणापुरते बोलावयाचे तर म्हातारा बैल विकून त्यात थोडी भर घालून नवा खोंड घेण्याची जी रीत होती ती मोडली, आणि ज्याच्याकडे पेंढाच अपुरा अशा शेतकऱ्यावर निवृत्त बैलास पोसण्याचा भार आला. ३० सप्टेंबर २०२४ रोजी सरकारने देशी गायीस ‘राज्यमाता-गोमाता’ म्हणून घोषित केले आणि गोशाळांतील देशी गायींसाठी दिवसाला पन्नास रुपयांचे अनुदान ठरविले. पाड्यावरच्या गोठ्यातील गायीला मात्र त्या पन्नासांतील एक रुपयाही मिळत नाही, कारण ती गोशाळेत नाही, घरात आहे.

उरते ते दूध. दूध केंद्रावर दर लागतो तो स्निग्धांशावर, आणि त्या स्पर्धेत मुंबईच्या चवीला सोकावलेली म्हैस गायीच्या पुढे आहे. देशी गायीच्या दुधास ‘ए-टू’ म्हणून मिळणारा वाढीव भाव हा शहरी श्रीमंतांच्या बाजारातला. त्या दुधाच्या आरोग्यविषयक महतीचा पुरावा अजून कच्चा आहे, आणि तो पक्का ठरला तरी दिवसाला लिटरभर दूध देणाऱ्या गायीचा मालक मुंबईच्या उंच इमारतीपर्यंत पोहोचणार कसा, हा प्रश्न शिल्लकच राहतो. काही वाडीमालक हौसेने गीर गायी आणतात. सौराष्ट्राच्या कोरड्या हवेतून आलेली ही देखणी गाय किनाऱ्यावर, चारा-पाण्याची ददात नसेल तेथे, बरी नांदते आणि वेतास दोन हजार लिटरच्या आसपास दूधही देते. डोंगरावर तिला नेऊ नये. देशी ती देशी, म्हणून कोणतीही देशी गाय कोठेही चालेल, हे मत संकराच्या अतिरेकाइतकेच चुकीचे आहे.

२०१९ च्या पशुगणनेत देशात गोवंश सुमारे १९ कोटी २५ लाख भरला. त्यात संकरित व विदेशी सुमारे पाच कोटी, आणि आधीच्या गणनेच्या तुलनेत देशी गुरे सहा टक्क्यांनी घटली, तर संकरित सव्वापटीहून अधिक झाली. आकडे देशाचे असले तरी तोच कल या दोन तालुक्यांतही दृष्टीस पडतो: महामार्गाच्या पश्चिमेस गुरे कमी पण दुभती, पूर्वेस अनेक पण निर्वंश होण्याच्या वाटेवरची, कारण चांगला वळू राखण्याची गावकीची रीत संपली आहे आणि ट्रॅक्टरने खोंडाची किंमत घालविली आहे.

माझे मत असे की सागरी पट्टीत, जेथे हिरवी वैरण, पाणी व पशुवैद्य यांची सोय आहे, तेथे आठ आणे वशिंड असलेला संकर ठेवावा आणि दहा आण्यांच्या पलीकडे विलायत जाऊ देऊ नये. गोचीडतापाचा आणि मे महिन्याचा हिशेब त्याखेरीज जुळणार नाही. महामार्गाच्या पूर्वेस सोळा आणे वशिंडच चालेल, आणि तेही डांगी वा कोकण कपिला या घरच्या रक्ताचे. तेथे दुधाच्या नावाखाली होल्स्टिन व जर्सीच्या वीर्यकांड्या वाटण्याचे थांबवावे. पण गावठी गुरांना त्यांच्या नशिबावर सोडणे म्हणजे त्यांचे जतन नव्हे. निवडून, नोंदवून, कमी प्रतीचे काढून टाकल्यावाचून डांगी गायीचे चारशे लिटर कधीही आठशे होणार नाहीत.

याकरिता नवी जमीन शोधावी लागत नाही. दापचरीचे गोठे पडके असले तरी जमीन सरकारची आहे, कुर्झ्याच्या धरणात पाणी आहे, डहाणू तालुक्यातच कोसबाडच्या टेकडीवर कृषी विज्ञान केंद्र आहे. त्या जमिनीतील शंभरएक एकर कुरणासाठी राखून तेथे वीस-पंचवीस निवडक डांगी वळू ठेवावेत, प्रत्येक पाड्यास आळीपाळीने एक वळू द्यावा, आणि जन्मलेल्या प्रत्येक वासराची नोंद एका वहीत करावी. ज्या अधिकाऱ्यांच्या हाती या जमिनीचा निर्णय आहे त्यांनी ती दुसऱ्या कोणाच्या नावे करून टाकण्यापूर्वी एवढा एक प्रयोग दहा वर्षे करून पाहावा, अशी त्यांना विनंती आहे.